पाजल्यानंतरचा अर्धा तास

तान्ह्या मुलाच्या संगोपनात ज्या कामाला कोणी काम म्हणून गणत नाही, ज्याची हजेरी कोठे मांडली जात नाही, आणि जे नीट न झाल्यास मात्र घरातील लहानथोर सर्वांची झोप उडते, असे एक काम म्हणजे पोटभर दूध पिऊनही स्वस्थ न झालेल्या बाळाला शांत करणे. भुकेने रडणाऱ्या मुलाचा इलाज आईजवळ असतो आणि ओल्या दुपट्याने रडणाऱ्याचा इलाज परड्यातल्या दोरीवर वाळत असतो. परंतु जे मूल नुकतेच पाजून झाले आहे, ज्याचे लंगोट कोरडे आहे आणि अंगाला ताप नाही, ते जेव्हा दोन्ही गुडघे पोटाशी ओढून, मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून आधी कण्हू लागते आणि पाहता पाहता लालबुंद होऊन टाहो फोडते, तेव्हा भोवती जमलेल्या प्रत्येक माणसाजवळ एकेक उपाय तयार असतो, आणि त्यांतला कोणता खरा याचा निवाडा करण्याची सवड मात्र कोणालाच नसते. या अर्ध्या तासात माणसांचे हात नेमके काय करतात आणि त्यातले बाळाच्या उपयोगी काय पडते, हे जवळून पाहण्याचा योग मला आमच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात आला.

पहिले बाळंतपण माहेरी, या शिरस्त्याप्रमाणे ती कोल्हापुरास आली होती. शिवाजी पेठेतले आमचे घर जुन्या बांधणीचे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडे. माजघराला लागून असलेली, एरवी धान्याच्या कणग्यांची असलेली खोली झाडूनपुसून बाळंतिणीची केली होती. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालण्यासाठी पेठेतल्याच एक वयस्क बाई येत असत. त्यांना सगळी पेठ मावशी म्हणते. त्यांचा ठराव अंघोळीपुरता होता. परंतु अंघोळ झाली की बाळ दूध पिणार, आणि दूध प्याले की कुरकुरणार, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्या चहाचा पेला बाजूला ठेवून तेवढा वेळ हमखास थांबत, आणि मी माजघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांचे हात पाहत असे.

प्रथम लक्षात आले ते त्यांचे बिनघाईचे वागणे. बाळाने स्तन सोडला की मुलगी त्याला उभे करण्यासाठी लगबग करी. मावशी मात्र तिला हाताने थांबवून आधी बाळाचे तोंड पाहत. ओठांच्या कडेला दूध साचले आहे काय, हनुवटी अजून चोखल्यासारखी हलते आहे काय, मुठी मिटलेल्या आहेत की सुटलेल्या, एवढे पाहून झाले की जुन्या धोतराचे मऊ झालेले धडपे खांद्यावर टाकून त्या बाळाला उचलत. उचलताना एक तळवा मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली. आणि त्याचा भार खांद्यावर असा सोडीत की पोट त्यांच्या खांद्याच्या हाडाला दाबले जाऊ नये, तर छाती छातीला टेकावी आणि हनुवटी तेवढी खांद्याच्या वर यावी. मग पाठीच्या डाव्या अंगावरून, कमरेपासून वर, तळहाताच्या गादीने हळूहळू हात फिरवीत राहत. थोपटणे असलेच तर ते बोटांच्या पेरांनी, पाठीवरून हात न उचलता.

खांद्यावर स्वस्थ न वाटल्यास दुसरी रीत होती, आणि ती मला अधिक कौशल्याची वाटली. मावशी बाळाला मांडीवर आडवे बसवीत, किंचित पुढे झुकवीत, आणि डाव्या हाताचा अंगठा व पहिले बोट यांच्या बेचक्यात त्याचा जबडा धरून तळहात छातीवर ठेवीत. बोटे गळ्यावर मुळीच येता कामा नयेत, जबड्याच्या हाडावरच राहिली पाहिजेत, हे त्या मुलीला पुनःपुन्हा बजावीत. त्या स्थितीत बाळाचे डोके पुढे कलंडत नाही, पाठ सरळ राहते, आणि पोटावर दाब न येता छाती वर उचलली जाते. पाठीवरचा दुसरा हात चालू असताना मी बाळाच्या मुठीकडे पाहत असे. आधी करंगळी सैल पडे, मग तिच्या शेजारचे बोट, आणि अंगठा, जो आतापर्यंत इतर बोटांखाली दडपलेला असे, तो सर्वांत शेवटी बाहेर येई. ढेकर येवो वा न येवो, मूठ उघडली की मावशी म्हणत, “झालं बघा तिचं.”

हे असे का होते, याचा कार्यकारणभाव पुढे मी आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेतला. तान्हे मूल दुधाबरोबर थोडी हवा गिळतेच. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग पुरेसा तोंडात न घेता नुसत्या टोकाशी चोखत राहिले, किंवा भूक अनावर होऊन रडून रडून मग प्याले, किंवा बाटलीचे चोखायचे टोक दुधाने पूर्ण भरलेले नसताना ओढत राहिले, तर ही हवा अधिक जाते. बोंडल्याने पाजतानाही घाईने ओतले तर हाच प्रकार. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचा एक वळसा असतो, जो मोठ्या माणसात आत गेलेले अन्न परत वर येऊ देत नाही. तान्ह्या मुलात तो अद्याप पुरता आवळू लागलेला नसतो. मूल उताणे असते तेव्हा ही वाट जठराच्या मागल्या अंगास, म्हणजे दुधाच्या पातळीखाली येते आणि हवा पुढे पोटाच्या बाजूला अडकते. म्हणून आडवे ठेवताच आलेल्या ढेकराबरोबर दुधाची गुळणी होते. उभे धरले की हवा वर, वाटेच्या तोंडाशी येते, आणि दूध खाली राहते. मावशींच्या भाषेत याच गोष्टीचे वर्णन असे होते: “वारं वर यायला वाट द्यायची. ढकलायचं नसतंय त्याला.”

ढकलायचे नसते, हे त्यांनी ज्यांना सांगितले ते आमचे जावई. शनिवारी इचलकरंजीहून येत आणि रविवारी रात्री परत जात. तेवढ्या वेळात मुलीचे जितके करता येईल तितके करण्याची त्या बापाची तळमळ पाहून मला भरून येई. ढेकर निघाल्याखेरीज बाळाला खाली ठेवायचे नाही असे त्यांनी कोठेतरी वाचले होते, आणि म्हणून ते सोप्यात येरझाऱ्या घालीत पाठीवर जोरजोराने थापा मारीत, त्याबरोबर मूल अधिकच आक्रंदे, आणि अखेर ढेकराऐवजी प्यालेले दूधच सदऱ्यावर येई. “जावईबापू, हळू की,” मावशी म्हणाल्या, “हात फिरवला तरी पुरतंय.”

या बाबतीत आपल्याच देशातील एका अभ्यासाचा आधार आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही म्हणून येथे नमूद करतो. चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ७१ माता व त्यांची निरोगी बालके घेऊन एक प्रयोग करण्यात आला, आणि त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मातांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला पाजल्यानंतर ढेकर काढण्याची रीत शिकविली, दुसऱ्याला शिकविली नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. निष्कर्ष असा निघाला की पोटदुखीच्या रडण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि गुळण्या तर ढेकर काढलेल्या गटातच अधिक होत्या. एका लहान अभ्यासावरून ढेकर काढण्याची चाल रद्द करावी असे मी म्हणणार नाही. परंतु ढेकर हे काही वसूल करावयाचे येणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट दिसते. दहापंधरा मिनिटे मूल उभे धरावे, आला ढेकर तर उत्तम, न आला तरी बाळाची मूठ सैल पडली असेल तर त्याला जाग्यावर ठेवावे. ढेकरासाठी झोपलेले मूल हलवून जागे करणे तर अगदीच अनुचित.

मग प्रश्न उरतो तो असा की पोटात हवा नसतानाही, ढेकर येऊन गेल्यावरही, मूल का रडत राहते. आणि हा प्रश्न संध्याकाळी विशेष भेडसावतो. आमच्या नातीचे दिवसाचे वागणे अगदी शहाण्यासारखे. परंतु दिवेलागणीच्या सुमारास, घरात उजेड लागला, की पाजून झाल्यावर जे रडणे सुरू होई ते पुन्हा पाजले, उभे धरले, कपडे बदलले, तरी रात्रीच्या जेवणापर्यंत सरत नसे. जन्मानंतर दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात हे सुरू झाले आणि दीड महिन्याच्या सुमारास त्याने अगदी कळस गाठला. मुलगी स्वतः रडकुंडीला येई. आपले दूध पुरत नाही, किंवा आपल्या खाण्यात काही वावगे गेले, असा तिचा समज होई. शेजारच्या बायका एकीने आळिवाची खीर सांगावी, दुसरीने वर्ज्य करावी, आणि तिसरीने वाटाणा, हरभरा, कोबी यांच्यावर बंदी घालावी.

वास्तविक हे रडणे जगभर याच वेळापत्रकाने चालते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० अर्भकांच्या आयांकडून रोजच्या रोज नोंदी लिहवून घेतल्या आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत सहाव्या आठवड्यात निरोगी मूलसुद्धा दिवसाकाठी मध्यमानाने पावणेतीन तास रडते, त्यातला मोठा भाग संध्याकाळी असतो, आणि त्यानंतर रडणे हळूहळू ओसरते, असे आढळले. त्याच्या आधी १९५४ मध्ये वेसेल आणि त्यांचे सहकारी यांनी दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणाऱ्या मुलांसाठी जी मोजणी ठरविली, तिचाच डॉक्टर अजूनही दाखला देतात. तीनचार महिने पुरे झाले की बहुतेकांचे हे रडणे आपोआप थांबते. त्याचे कारण केवळ पोटातला वारा हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. दिवसभराच्या उजेड, आवाज, स्पर्श यांनी थकलेल्या कोवळ्या मज्जासंस्थेचाही त्यात वाटा असावा, असे अनेक जाणकार मानतात.

तिन्हीसांजेला मूल बाहेर काढू नये, दारात पाहुणा येऊन गेल्यावर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी, हे आपल्याकडचे रिवाज याच वेळेभोवती का गोळा झाले, ते मला ही आकडेवारी वाचताना उमगले. आमच्या घरीही दृष्ट काढली जाई. मला त्यात आक्षेपार्ह काही वाटले नाही. कारण तेवढ्या वेळात चूल, दूरचित्रवाणी, बोलणी सगळी थांबत, दिवा मंद होई, बाळ एकाच माणसाच्या मांडीवर स्थिर राही, आणि आजीचा हात संथपणे त्याच्याभोवती फिरे. मीठ निखाऱ्यावर तडतडण्याने काय होते ते मी सांगू शकत नाही. गजबज थांबण्याने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले.

रात्रीची पाळी मी मागून घेतली. मुलीला सलग तीन तास झोप मिळाली तरच तिला दूध नीट येते, असे मावशींचे म्हणणे, आणि म्हाताऱ्या माणसाला तशीही झोप कमी. पाजून झाले की ती बाळाला माझ्या हाती देई, आणि मी त्याला छातीशी धरून सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत आणि परत असा चालत राही. चालण्याची गत एकसारखी असावी लागते, हे पायांनीच शिकविले. थांबलो की कुरकुर, बसलो की टाहो, चालू लागलो की स्तब्धता. बाळाला माणसाचे बसणे कसे कळते, याचे मला राहून राहून नवल वाटे. पहाटे तालमीकडे जाणाऱ्या पोरांच्या चपला बाहेर वाजू लागत आणि गंगावेशीकडे म्हशींचे दूध कट्ट्यावर नेणाऱ्यांची ये-जा सुरू होई, तोवर कित्येकदा आमची ही यात्रा चालू असे.

जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी हेच मोजमाप करून पाहिले आहे. आईने उचलून चालू लागताच अर्भकाची हालचाल थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, बसल्यावर तसे होत नाही, हे त्यांनी २०१३ मध्ये दाखविले. प्राण्यांची पिले आईने तोंडात उचलली की जशी निश्चल होतात, त्याच जातीची ही प्रतिक्रिया असल्याचे त्यांचे मत. २०२२ मध्ये त्याच गटाने २१ अर्भकांवर पुढचे निरीक्षण केले. रडणारी मुले पाच मिनिटे कडेवर घेऊन चालले की पुष्कळशी शांत होतात आणि काही झोपतातही. परंतु झोपलेले मूल लगेच खाली ठेवले तर पाठ अंथरुणाला लागण्याच्या आधीच, आईच्या अंगापासून अलग होण्याच्या क्षणी, त्याचे ठोके वाढू लागतात. म्हणून झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मग ठेवावे, असा त्यांचा सल्ला आहे. मावशी तर मूल झोपले तरी “अंमळ राहू दे मांडीवर, झोप मुरू दे” म्हणून तितकाच वेळ बसून राहत, आणि ठेवताना आपला हात बाळाच्या छातीवरून एकदम काढून न घेता त्याचे वजन हळूहळू कमी करीत. कॅनडातील माँट्रियल येथे हुंझिकर आणि बार या दोघांनी १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली: मूल रडले तरच न उचलता, रडत नसतानाही रोज काही तास अधिक कडेवर बाळगले, तर सहाव्या आठवड्यातले रडणे ४३ टक्क्यांनी कमी झाले. उचलून उचलून मूल लाडावते, ही तक्रार ज्या घरांत अजून चालते त्यांना हा आकडा अवश्य सांगावा. एवढे मात्र खरे, की ज्यांचे रडणे आधीच अनावर झाले आहे त्यांच्यावर याचा तितका गुण येतो असे नंतर दिसले नाही. तेथे धीराखेरीज दुसरी तजवीज नाही.

पालथे धरण्याचीही एक रीत मावशींनी दाखविली, आणि पोट दुखून रडणाऱ्या बाळाला ती फार मानवते. कोपराच्या बेचक्यात बाळाची मान, हाताच्या लांबीवर त्याचे पोट, दोन्ही पाय हाताच्या दोहोबाजूंनी लोंबते, आणि तळव्यात त्याची मांडी पक्की. दुसरा हात पाठीवर. परंतु ही रीत जागेपणाची, आणि माणसाच्या हातातली. अंथरुणावर मूल उताणेच निजवावे. पालथे निजवू नये, ही सूचना अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघाने १९९२ मध्ये दिली, आणि त्यानंतर झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांची संख्या तेथे निम्म्याहून खाली आली. गुळणीच्या भयाने कुशीवर टेकण लावून निजविण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच सोडलेली बरी. उताण्या निरोगी बाळाला गुळणी झाली तर ते मान वळवून ती बाहेर टाकू शकते. लुगड्याच्या झोळीबद्दलही एक खबरदारी. झोळीत मूल चटकन निजते हे खरे. पण तिच्या खोलगट आकारात हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट चिमटते, तेव्हा झोळीत मूल असताना माणूस शेजारी हवे आणि लांब झोपेसाठी सपाट तळाचा पाळणा हवा. दुपट्यात गुंडाळताना हात बांधावेत, पण पाय दुमडून पसरण्याइतके सैल सोडावेत. पाय सरळ ताणून करकचून बांधल्याने खुब्याचा सांधा निसटण्याचे भय असते.

आतापर्यंत सांगितले ते सगळे उपाय बाळाच्या अंगाबाहेरचे. आता पोटात जाणाऱ्यांविषयी, आणि येथे माझे मत ठाम आहे.

आमच्या घरी सहाण होती. माझ्या आजीच्या वेळची, मध्ये झिजून खोलगट झालेली. तिच्यावर बाळगुटी उगाळावी असा आग्रह पहिल्याच आठवड्यात सुरू झाला: हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम, हळकुंड, प्रत्येकाचे ठरावीक वेढे, आणि वर मधाचे बोट. या वस्तूंमागे पिढ्यांची माया आहे, हे मी जाणतो. माझेही अंग त्यांवरच वाढले. परंतु वेखंडातील एका तेलाचे प्राण्यांवरील दुष्परिणाम दिसून आल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी केली. जायफळाने मूल शांत होते ते गुंगीमुळे, पोट बरे झाल्याने नव्हे. आणि मधातून एका जंतूचे बीज अर्भकाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारा जो बोट्युलिझम होतो, त्याची ओळख कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये पटली, तेव्हापासून वर्षाच्या आत मध देऊ नये हा नियम सर्वत्र मानला जातो. ग्राइप वॉटरची बाटली ज्या घरात गुटी नसते त्या घरात असते. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये ते मिश्रण तयार केले. त्यात शेपूचे तेल आणि सोडा यांच्या जोडीला मद्यार्कही होता, आणि रडणारे मूल त्याने निजत असे यात आश्चर्य नाही. आताच्या बाटलीत मद्यार्क नसतो. पण त्याने पोटाचे रडणे थांबते याचाही पुरावा नसतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगत आली आहे. कोल्हापूर तर दुधाचे गाव. कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानांच्या या गावात ‘आईचं पुरत नसेल, म्हशीचं पाणी घालून द्या’ असे सांगणारी माणसे अजून भेटतात. तान्ह्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांना आणि आतड्यांना ते पेलत नाही.

तरी अंगाबाहेरचे म्हणून सगळेच निर्दोष, असेही नाही. वावडिंग, ओवा, बाळंतशेपा टाकून बंद खोलीत केलेली धुरी आणि रात्रभर धुमसणारी शेगडी या दोन गोष्टी मी बंद करविल्या. धूर बाळाच्या फुप्फुसांना बाधतो, आणि कोंडलेल्या खोलीतल्या कोळशाचा वायू बाळ आणि बाळंतीण दोघींच्या जिवावर बेतू शकतो. यावरून घरात चार दिवस अबोला झाला. मावशी मात्र म्हणाल्या, “खोकतंय लेकरू धुरानं, मी पण बघतोय की,” आणि शेकासाठी त्यांनी तव्यावर तापविलेल्या फडक्याची तोड काढली. तेही बाळाला नव्हे, बाळंतिणीच्या कमरेला.

आता एक गंभीर बाब. घरच्या हातांनी जे निवते ते कोणते आणि डॉक्टरांकडे न्यावयाचे ते कोणते, याची हद्द प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजे. उलटी हिरवी किंवा रक्तमिश्रित असेल. प्रत्येक पाजण्यानंतर दूध धारेने दूर उडत असेल, जे साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जठराच्या खालच्या तोंडाच्या अडथळ्याने होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल. मूल दूध नाकारीत असेल, पोट टणक फुगले असेल, रडणे क्षीण झाले असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर दृष्ट, हिंग, चालणे, कशासाठीही न थांबता दवाखाना गाठावा. या गावाला त्याची सोय नवी नाही. शाहू महाराजांच्या अमदानीत अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्यासारखी स्त्री डॉक्टर बायकामुलांवर उपचार करीत होती, आणि तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने, लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’ म्हणून, दिवसरात्र उघडे असते. आणि ज्या रात्री आपलाच तोल जाईल असे वाटेल, त्या रात्री बाळाला पाळण्यात उताणे ठेवून दहा मिनिटे बाहेर जावे, रडू द्यावे. रागाच्या भरात तान्ह्या मुलाला गदागदा हलविले तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तो भरून न येणारा असतो. हे सांगायला लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच मी ते स्पष्ट लिहितो.

चौथ्या महिन्यात मुलगी सासरी निघाली तोवर संध्याकाळचे रडणे बरेच ओसरले होते. गुळण्या चालूच होत्या, आणि मूल बसू लागेपर्यंत त्या चालू राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. न्यायला तिच्या सासूबाई स्वतः आल्या होत्या. माजघरात सामानाची बांधाबांध चालली असताना त्यांनी आपल्या पिशवीतून एक पुडके काढले. आत कोरी सहाण आणि गुटीची बारा मुळे होती.

“आत्याबाई,” मुलगी म्हणाली, “अंगाला लावायचं ते तुमच्या हातानं लावा, तेल लावा, मांडीवर घ्या, कितीही वेळ घ्या. पोटात मात्र सहा महिने काही नको.”

बाईंनी मावशींकडे पाहिले. मावशी दुपट्यांच्या घड्या करीत होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली.

“आणि हिंग?” सासूबाईंनी विचारले. “पोट फुगल्यावर हिंग पण नको?”

“हिंग लावा की बेंबीभोवती, कोमट पाण्यात कालवून. फक्त बेंबीवर नको, आणि दूध पाजल्या पाजल्या पोट चोळायचं नाही. तासभर जाऊ द्यायचा.”

सासूबाईंनी मुळांचे पुडके पुन्हा बांधले. सहाण मात्र त्यांनी मागे ठेवली नाही. वर्षाचे झाल्यावर बदाम उगाळायला लागेल म्हणाल्या, आणि ती धोतराच्या धडप्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली.